वेचणाऱ्यांचा वाटा

अभ्यासासाठी वाचावे: लेवीय १९:९, १०, रूथ, अध्याय २

सकाळी आपण घरातील कचरा दाराबाहेर ठेवतो आणि त्याला विसरतो. तो कोण नेतो, कोठे नेतो, हा विचार क्वचितच आपल्या मनाला शिवतो. आपल्या लेखी ती वस्तू संपलेली असते. परंतु ती संपत नाही. केवळ आपल्या दृष्टीआड होते. एकाच्या दारातून निघालेली घाण नदीच्या पात्रात किंवा गावाबाहेरच्या डेपोत जाऊन पडते, आणि जेथे ती पडते तेथे बहुधा गरिबाचीच वस्ती असते. म्हणून पर्यावरणाचा प्रश्न आणि दारिद्र्याचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न मानता येत नाहीत. एकाच कामाने या दोहोंना उत्तर देऊ पाहणारे काही स्थानिक उद्योग आपल्या देशात उभे राहिले आहेत. त्यांपैकी दोहोंचा या पाठात विचार करू.

लखनौ: निर्माल्यातून मिळकत

लखनौ येथे केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था आहे. ‘सीमॅप’ या नावाने ओळखली जाणारी ही सरकारी संशोधन संस्था १९५९ साली स्थापन झाली. पुदिना, गवती चहा, वाळा अशा वनस्पतींची लागवड आणि त्यांपासून तेल काढणे हे तिच्या संशोधनाचे मुख्य क्षेत्र. परंतु तिने आणखी एका साध्या प्रश्नाकडे लक्ष दिले. मंदिरांत रोज वाहिलेल्या फुलांच्या राशी दुसऱ्या दिवशी नदीत किंवा उकिरड्यावर जातात. पाण्यात फुले कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू कमी होतो, आणि फुलांवर फवारलेली औषधेही त्यांच्याबरोबर पाण्यात उतरतात. ही फुले निवडून, वाळवून, त्यांची भुकटी करून तिच्यापासून उदबत्ती बनवण्याची रीत संस्थेने बसवली आणि ती स्त्रियांना शिकवली.

येथे कच्चा माल फुकट आहे, कारण तो टाकून दिलेला आहे. काम घराजवळ करता येण्यासारखे आहे. शिवाय जी स्त्री उदबत्ती वळते तिला दान नव्हे, तर मोबदला मिळतो. दान हे देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. विकला जाणारा माल मात्र करणाऱ्याला स्वतःच्या पायावर उभे करतो.

तथापि एक प्रश्न उरतो. कौशल्य शिकवले, माल तयार झाला. पण त्या उद्योगाचा धनी कोण? कष्ट करणारा स्वतःच धनी होऊ शकतो काय? याचे उत्तर शोधण्यासाठी लखनौहून आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात यावे लागते.

पुणे: कष्टकरी स्वतःच धनी

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील आणि इतर भागांतील अनेक भूमिहीन कुटुंबांना पुण्याची वाट धरावी लागली. त्यांपैकी पुष्कळ दलित स्त्रियांनी पोटासाठी उकिरड्यावरील कागद, काच आणि पत्रा वेचून भंगारवाल्याला विकण्याचे काम पत्करले. लोक त्यांच्याकडे चोर म्हणून पाहत, पोलीस हटकत, कुत्री अंगावर धावत. शहराची घाण कमी करणाऱ्या या हातांना शहरच घाण समजत होते.

१९९३ साली या स्त्रियांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव आणि एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या पूर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण यांचा तीत पुढाकार होता. संघटनेचे नाव पाहा: ज्या वस्तू जगाने टाकल्या, त्याच नावात मानाने मांडल्या आहेत. आम्ही भिकारी नाही, कामगार आहोत, हे तिचे म्हणणे होते. पुढे या स्त्रियांना ओळखपत्रे मिळाली आणि महानगरपालिकेने त्यांच्या कामाची दखल घेतली.

२००८ साली याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. कचरावेचक स्त्री आता उकिरड्यावर न जाता घरोघरी जाऊ लागली. तिने दारातून ओला व सुका कचरा वेगवेगळा घ्यावा, सुक्यातील विकण्याजोगे जिन्नस निवडून विकावेत, आणि सेवेबद्दल प्रत्येक घराने दरमहा शुल्क द्यावे, अशी ही व्यवस्था. शुल्क आणि भंगाराचे पैसे तिचे. आणि संस्थेची सभासद या नात्याने संस्थाही तिची. आज संस्थेचे तीन हजारांहून अधिक सभासद आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत.

या मांडणीतील व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. कचरा वाहून नेणाऱ्या ठेकेदाराला वजनावर पैसे मिळत असतील, तर कचरा कमी होण्यात त्याला लाभ नाही. वेचणाऱ्या स्त्रीचे तसे नाही. तिने वेगळा काढलेला प्रत्येक पुठ्ठा आणि प्रत्येक बाटली तिच्या मिळकतीत भर घालते, आणि तेवढाच भार डेपोवरून कमी होतो. तिचा लाभ आणि शहराचा लाभ येथे एकाच दिशेने चालतात. खरा हरित उद्योग ओळखण्याची ही एक चांगली कसोटी आहे.

उंबऱ्याच्या आतील बाजू

परंतु हा उद्योग केवळ वेचणाऱ्यांच्या कष्टावर चालत नाही. त्याचा अर्धा भाग आपल्या घरात आहे. ओले आणि सुके एकत्र केले की कागद भिजतो, त्याची किंमत जाते, आणि तो निवडण्यासाठी तिला खरकट्यात हात घालावा लागतो. फुटलेली काच उघडी टाकली की तिच्या हाताला जखम होते. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर ही तर फार अवघड बाब. ते कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे न उघडताच ओळखता येईल, अशी विनंती ‘स्वच्छ’ने नागरिकांना केली. एक कागद आणि एक ठिपका! एवढ्याने एका स्त्रीची विटंबना टळते. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. पण नियम दारापर्यंत येतो. आतील काम मनाने करावे लागते.

शिवाय या स्त्रियांची स्थिती अजून निश्चिंत नाही. करार मुदतीचा असतो. तो संपताना पुढे काय, ही धास्ती त्यांनी अनुभवली आहे. काही घरे शुल्क देण्यास टाळाटाळ करतात. दूरचित्रवाणीसाठी दरमहा खुशीने पैसे भरणारे आपण, दारातील घाण नेणाऱ्या बाईशी मात्र घासाघीस करतो, हे लाजिरवाणे नाही काय?

सरव्याचा नियम

वेचण्याचा प्रश्न पवित्र शास्त्राला अनोळखी नाही. इस्राएलाच्या नियमशास्त्रात शेतकऱ्याला आज्ञा होती की, त्याने शेताच्या कडेचे पीक कापू नये आणि खाली पडलेला सरवा गोळा करू नये. तो गरिबाचा व परक्याचा वाटा होता. धनी भीक घालत नव्हता; वाटा आधीच ठरलेला होता. मात्र वेचण्याचे कष्ट गरिबाने स्वतः करायचे होते, म्हणून त्याचा मानही राखला जाई.

रूथही परकी होती. दुष्काळामुळे देशोधडीला लागलेल्या कुटुंबाची ती विधवा सून. बवाजाने तिला शेतात वेचू दिले, इतकेच नव्हे, तर तिला कोणी लाजवू नये, आणि पेंढ्यांतून काही मुद्दाम तिच्यासाठी टाकावे, असे गड्यांना बजावले. त्याने तिचे काम काढून घेतले नाही. ते सुकर आणि सन्मानाचे केले. कोरडा कागद वेगळा बांधून ठेवणारी गृहिणी आज हेच करीत असते.

प्रिय वाचकहो, मोठी योजना आखणे प्रत्येकाला जमेलच असे नाही. पण उद्या सकाळी दाराशी येणाऱ्या बाईचे नाव विचारणे, तिचे शुल्क वेळेवर देणे आणि तिचा हात घाणीत जाणार नाही अशी व्यवस्था करणे आपल्याला खात्रीने जमेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील कचरा कोण नेते? तिच्याविषयी किंवा त्याच्याविषयी आपल्याला काय माहीत आहे?

२. दान आणि हक्काचा वाटा यांत कोणता भेद आहे? सरव्याच्या नियमावरून सांगा.

३. आपल्या गावात टाकून दिली जाणारी अशी कोणती वस्तू आहे, की जिच्यापासून कोणाला तरी उपजीविका मिळू शकेल? त्या उद्योगाचा धनी कोण असावा?

४. या आठवड्यात आपले कुटुंब कोणती एक सवय बदलील?