ग्रामपंचायतीतील संगणकांचे जाळे : जोडणी व निगा

खरिपाच्या पीकविम्याचे अर्ज भरण्याची मुदत साधारणतः जुलैअखेर संपते. त्या आठवड्यात गावातील संगणकाचे जाळे बंद पडल्यास शेतकऱ्यास तालुक्याच्या गावी हेलपाटा पडतो आणि मुदत टळली तर त्या हंगामाच्या विम्यास मुकावे लागते. ज्या जिल्ह्याच्या नावाने २०२० सालापासून पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ ओळखला जातो, त्या जिल्ह्यातील ग्रामसेवकांस व केंद्रचालकांस जाळ्याची मूलतत्त्वे ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

जाळ्याची रचना ठिबक सिंचनासारखी असते. बाहेरून येणारा प्रकाशतंतू ही मुख्य नळी होय. ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ साली मंजुरी दिली व २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले. तंतू कार्यालयात ज्या पेटीत शिरतो तिला तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात. तिच्यापुढील राउटर प्रत्येक संगणकास वेगळा पत्ता देतो, आणि स्विच ही पेटी उपनळीप्रमाणे अनेक तारांस वाट करून देते. एकच पत्ता दोन संगणकांस दिला गेल्यास, एकाच घरक्रमांकाची दोन घरे असावीत तसा घोटाळा होतो. यास्तव पत्ते हाताने न भरता राउटरकडूनच घ्यावेत.

तांब्याची तार एका टप्प्यात १०० मीटरहून लांब नसावी. तीत आठ बारीक तारांच्या चार जोड्या असतात. प्रचलित क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांस हाच क्रम राखावा. तार विजेच्या तारांस बांधून नेऊ नये. एकाच तारेची दोन्ही टोके चुकून एकाच साध्या स्विचमध्ये खोचली गेली, तर संदेश गरगर फिरत राहतात व सर्व जाळे ठप्प होते. कार्यालय झाडून काढल्यावर निसटलेले टोक कोणीतरी भलत्याच जागी बसवतो, त्यातून हा दोष उद्भवतो.

मराठवाड्यात वळवाच्या व परतीच्या पावसात विजा फार कडाडतात. पंचायतीतून शाळेपर्यंत उघड्यावरून तांब्याची तार नेणे म्हणजे विजेस घरात वाट करून देणे होय. दोन इमारतींमध्ये प्रकाशतंतूच घालावा, कारण काचेतून वीज वाहत नाही. भूसंपर्क, म्हणजेच अर्थिंग, नीट नसेल तर नवा राउटर विकत घेण्यात अर्थ नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. बऱ्याच ठिकाणी संगणकास यूपीएस असतो. मात्र ओएनटी व राउटर भिंतीवरील साध्या खटक्यास जोडलेले असतात. मग वीज जाताच संगणक चालू राहतो व जाळे मात्र बंद पडते. या दोन लहान पेट्या थोडीच वीज खातात; त्याही यूपीएसवर घ्याव्यात.

बिघाड शोधताना, फुटलेला पाट पाहणारा माणूस ज्याप्रमाणे एकेक टप्पा चालून जातो, त्याप्रमाणे क्रमाने जावे. प्रथम ओएनटीवरील दिवे पाहावेत. एलओएस हा दिवा तांबडा झाला असल्यास दोष सहसा बाहेर असतो : रस्त्याच्या खोदाईत तंतू तुटला असेल, उंदराने कुरतडला असेल किंवा तो काटकोनात वाकला असेल. सुट्या तंतूच्या टोकात डोळ्याने पाहू नये. त्यातील प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यास अपाय करू शकतो. अशा वेळी राउटर पुनःपुन्हा बंद-चालू करण्यात वेळ न दवडता तक्रार नोंदवावी. दिवे ठीक असतील तर संगणकाचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने आरंभ होत असल्यास संगणकास राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. तार, टोक व स्विच तपासावेत. पत्ता योग्य असेल तर राउटरला पिंग करावे. तेथून उत्तर आले, परंतु बाहेरून येत नसेल, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे असे समजावे.

बिनतारी जोडणीत २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा दगडी भिंतीपलीकडे त्यातल्या त्यात बरा पोहोचतो. ५ गिगाहर्ट्‌झचा वेगवान असला तरी त्याचा पल्ला आखूड असतो. पत्र्याची भिंत दोहोंसही अडवते. राउटरसोबत आलेला मूळ परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. खातेदारांचे आधार व बँकेचे क्रमांक ज्या जाळ्यातून जातात, त्याचा परवलीचा शब्द भिंतीवर लिहून ठेवणे इष्ट नाही.

निगेचा खर्च आरंभीच धरावा लागतो. वारणानगर परिसरात १९९८ साली कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी संगणक-जाळ्याचा गाजलेला प्रकल्प उभा राहिला. पुढे संगणक सांभाळणे महाग पडू लागले आणि २००७ च्या सुमारास काही गावांत उसाच्या नोंदींचे तेच काम मोबाइलवरील लघुसंदेशांनी करून पाहण्यात आले. आपल्या पंचायतीनेही अंदाजपत्रकात यूपीएसची बॅटरी, जादा तार व टोके यांसाठी दरवर्षी तरतूद करावी. ओएनटीशेजारी एक वही टांगावी. तीत बिघाडाची तारीख, कोणता दिवा कसा होता व तक्रारीचा क्रमांक नोंदवावा. विम्याची मुदत संपण्यापूर्वी निदान पंधरा दिवस आधी सर्व जोडण्या एकदा तपासाव्यात, आणि प्रकाशतंतू तुटल्यास उपयोगी पडावे म्हणून मोबाइलवरून इंटरनेट घेण्याची सोय त्याच दिवशी चालवून पाहावी.