आधी नट मोजा, मग पाने घ्या

चाकण एमआयडीसीत पाळी सुटली की महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे, कुरुळीच्या रस्त्यांना दुचाक्यांची रीघ लागते. त्या चालवणाऱ्यांपैकी कितीतरी जण आठ-आठ तास लाइनवर उभं राहून नट-बोल्टच आवळत असतात, तेही टॉर्क ठरवून, मोजूनमापून. त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या सीटखाली मात्र गाडीबरोबर आलेला पत्र्याचा पाना असतो आणि चार-दोन वापरांतच त्याचं तोंड फाकतं. रात्री साडेअकराला तळेगाव रस्त्यावर चेन उतरली किंवा क्लचची केबल सैल पडली, तर काम दहा मिनिटांचं असतं. धड पाना हाताशी नसल्यामुळे गाडी ढकलत न्यावी लागते. हातात कसब असलेल्या माणसावर ही वेळ येऊ नये.

आजच्या बाजारात दुचाकीपुरती हत्यारं साधारण दोन-अडीच हजारांत आणि चारचाकीची चार-पाच हजारांत जमतात. सगळी एका पिशवीत मावतात. ती जमवायची कृती इथे देतो. पेटीवर किती नग लिहिलेत ते बघून खरेदी करू नका. आपल्या गाडीला कोणते नट आहेत ते बघून करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

१. गाडीजवळ बसून यादी करा

सुट्टीच्या दिवशी वही आणि व्हर्निअर घेऊन गाडीजवळ बसा. व्हर्निअर नसेल तर शाळेची पट्टीही चालेल. नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर मोजायचं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं नव्हे. पान्यावर कोरलेला आकडा तोच असतो. पुढचं-मागचं चाक, चेनचा ताण लावायचे नट, बॅटरीचे टर्मिनल, आरसे, हँडल, केबलचे लॉकनट, ऑइलचा ड्रेन बोल्ट, प्लग, बाजूच्या पॅनलचे स्क्रू, असं एकेक घेत प्रत्येकापुढे आकडा लिहा. चाकाच्या ॲक्सलला एका बाजूचं डोकं धरून दुसऱ्या बाजूचा नट फिरवावा लागतो, आणि दोन्हीकडचं माप सारखं असेलच असं नाही. म्हणून दोन्ही टोकं मोजा. तिथे एकाच वेळी दोन पाने लागतात, हे खरेदीच्या वेळी हमखास विसरलं जातं.

यादी पुरी झाली की तिच्यात एक ठेवण दिसू लागते. हिरो, होंडा, यामाहा, मारुती या जपानी वळणाच्या गाड्यांवर ८, १०, १२, १४, १७, १९ हेच आकडे फिरून फिरून येतात. फोक्सवॅगनसारख्या युरोपीय गाडीखाली वाकलात तर १०, १३, १६, १८ भेटतात. बोल्टची जाडी तीच असते, डोकं तेवढं वेगळं. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं आंतरराष्ट्रीय प्रमाणात १३ चं असतं, जपानी गाड्यांवर १२ चं. १० मिलिमीटरच्या बोल्टला जपानी डोकं १४ चं, आंतरराष्ट्रीय १६ चं, जुनं जर्मन १७ चं.

आपल्या पट्ट्यात ही सगळी मापं शेजारी-शेजारी नांदतात. चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनच्या गाड्या बनतात आणि बजाजच्या चाकणच्या कारखान्यात पल्सरच्या जोडीनं केटीएम बनते. केटीएमवर साध्या षटकोनी डोक्यांबरोबर टॉर्क्सचे, म्हणजे सहा पाकळ्यांच्या खाचेचे, बोल्टही आहेत. त्यामुळे शेजाऱ्यानं घेतलेला संच त्याच्या गाडीला कितीही उपयोगी पडला, तरी तुमच्या गाडीला पुरेल याची खात्री नाही. १२ च्या डोक्यावर १३ चा पाना चढतो, थोडा फिरतोही, आणि दोन-तीनदा तसं केलं की डोक्याचे कोपरे गोल होतात. गोल झालेला बोल्ट काढणं हे नवा संच घेण्यापेक्षा महागात पडतं.

२. स्वतः काय करणार, ते ठरवा

चेनचा ताण, केबल, प्लग, बॅटरी, ऑइल, एअर फिल्टर, आरसा, चाक काढणं ही घरची कामं. हायड्रॉलिक ब्रेक, एबीएस, एअरबॅग, स्टीअरिंग गॅरेजवाल्याकडे. ही रेघ आखली की निम्मी हत्यारं यादीतून आपोआप गळतात.

३. यादीवरून संच ठरवा

ऑनलाइन सगळ्यात जास्त दिसते ती ४६ नगांची छोटी पेटी. स्वस्त असते, आकडा मोठा वाटतो. ती उघडून मोजा. गोट्या, म्हणजे सॉकेट, तेरा, ४ पासून १४ पर्यंत. त्यात साडेचार आणि साडेपाचसुद्धा. बाकीचे नग बहुतेक स्क्रूचे बिट. चाकाच्या नटाला लागणारी १७ किंवा १९ ची गोटी तिच्यात नाही, आणि पाव इंचाचा तो नाजूक रॅचेट चाकाच्या नटाला लावायचाही नसतो. पॅनल आणि बॅटरीच्या कामाला ही पेटी बरी आहे. रस्त्यात चाक काढायची वेळ आली तर तिचा उपयोग नाही.

दुतोंडी पान्यांच्या आठ नगांच्या संचाचंही थोडंफार तसंच. ६-७, ८-९, १०-११, १२-१३ असे जोड येतात, आणि त्यातले ७, ९, ११, १५ हे आकडे वर्षभर चकचकीत राहतात. त्यापेक्षा एका टोकाला उघडं तोंड आणि दुसऱ्या टोकाला रिंग असलेले कॉम्बिनेशन पाने सुटे घ्या, फक्त यादीतल्या मापांचे.

साध्या जपानी वळणाच्या दुचाकीला एवढं पुरतं: ८, १०, १२, १४, १७, १९ चे कॉम्बिनेशन पाने, ॲक्सलच्या नटाचं माप याहून मोठं असेल तर तो एक रिंग पाना, ८ आणि १० चे टी-पाने, प्लग पाना (१६ चा की २१ चा, ते प्लगवर मोजून), ४-५-६-८ च्या ॲलन की, एक चांगली पक्कड, एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर. टी-पान्याला कमी लेखू नका. दुचाकीच्या अडचणीच्या जागी तो सरळ आत जातो, दोन्ही हातांनी सारखा फिरतो आणि भरभर काम उरकतो. गॅरेजमधल्या कारागिराच्या हातात सगळ्यात जास्त वेळ तोच दिसेल.

चारचाकीला याशिवाय अर्धा इंच ड्राइव्हचा रॅचेट, १० पासून २४ पर्यंतच्या सहाकोनी गोट्या, एक छोटं आणि एक लांब एक्स्टेंशन, आणि चाकासाठी लांब दांडा. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना चाकाला १९ ची गोटी लागते. फोक्सवॅगनला नट नसून बोल्ट असतात आणि त्यांना १७ ची लागते. तो बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो. तीस सेंटिमीटरच्या दांड्यानं तेवढा टॉर्क द्यायला टोकावर चाळीस किलोचा जोर लागतो, साठ सेंटिमीटरचा दांडा असेल तर वीस किलोत भागतं. गंजलेला बोल्ट सोडवायला यापेक्षा जास्तच. दांड्याच्या लांबीत कंजुषी नको.

४. कुठे घ्यायचं

भोसरी एमआयडीसी आणि टेल्को रोडच्या बाजूला कारखान्यांना माल देणारी हार्डवेअरची दुकानं आहेत, तिथे सुटे पाने मिळतात. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी हत्यारांसाठी आणि नाना पेठ दुचाकीच्या सुट्या भागांसाठी. टपारियाचा कारखाना आपल्याच राज्यात, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आहे. कंपनी १९६९ पासून हत्यारं बनवते आहे आणि तिचा माल छोट्या दुकानांतही मिळतो. लुधियाना आणि जालंधरहून येणारा मालही चांगला असतो, पण तिथून उत्तमही येतं आणि रद्दीही, तेव्हा नग हातात घेऊन तपासायचा.

पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, जुने घडीव पाने अगदी कमी किमतीत मिळतात आणि त्यांचं पोलाद पुष्कळदा नव्या स्वस्त मालापेक्षा सरस असतं. मात्र कुठल्या कंपनीचं नाव किंवा स्टोअरचा नंबर कोरलेला पाना कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला जागा असताना, तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. शिवाय तो पाना आपल्यासारख्याच एखाद्या कामगाराच्या नावावर लागलेला असतो आणि त्याची भरपाई त्याच्या पगारातून कापली जाऊ शकते.

५. काउंटरवर तपासा

दुकानात जाताना खिशात ६, ८ आणि १० मिलिमीटरचा एकेक नवा बोल्ट ठेवा. काही रुपयांची ही वस्तू दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा खरं सांगते. पाना बोल्टच्या डोक्यावर चढवा आणि हलकेच डावी-उजवीकडे हलवा. किंचित खेळ असतो, तो हवाच. खुळखुळ वाजत असेल किंवा जोर फक्त कोपऱ्यांवर येतोय असं दिसलं, तर तो पाना परत द्या. मग पाना उजेडासमोर धरा. तोंडाच्या दोन्ही आतल्या बाजू समांतर दिसायला हव्यात आणि मुलामा कडेला सोललेला नको. ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरं कुणीही छापू शकतं, म्हणून आकडे आणि नाव खोल, स्वच्छ उमटलंय का ते बोटानं चाचपा. भारतीय मानकाचा आकडा दिसला तर चांगलंच: उघड्या तोंडाच्या पान्यांना आयएस २०२८, रिंग पान्यांना आयएस २०२९.

गोटी सहाकोनीच घ्या. बाराकोनी गोटी लवकर बसते खरी, पण ती कोपऱ्यांजवळ पकडते, आणि आधीच झिजलेल्या नटावर घसरते. पावसाळ्यात चिखल खाल्लेल्या गाड्यांवर झिजलेले नटच जास्त. रॅचेट कानाजवळ धरून सावकाश फिरवा. आवाज एकसारखा यायला हवा, मध्येच दात चुकल्याचा भास झाला तर नको. २४ दातांच्या रॅचेटला पुढचा दात पकडायला १५ अंश फिरावं लागतं, ७२ दातांच्याला ५ अंश. दुचाकीच्या इंजिनाखाली हात हलवायलाच जागा नसते, तिथे हा फरक कळतो. पक्कड मिटून उजेडात धरा, जबड्याच्या टोकाला फट दिसता कामा नये.

फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरची एक गोष्ट दुकानातही फारसं कुणी सांगत नाही. जपानी वळणाच्या गाड्यांवरच्या फुलीच्या स्क्रूची खाच साध्या फिलिप्सहून किंचित वेगळी असते, पुष्कळ स्क्रूंवर खुणेचा एक बारीक ठिपकाही असतो. साधा फिलिप्स त्यात पुरता बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो. कार्ब्युरेटरचे किंवा इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू असेच वाया जातात. जपानी प्रमाणाचा, जेआयएस, ड्रायव्हर मिळाला तर शंभर-दोनशे जास्त द्या.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि पाना तुटला तर बदलून मिळतो का ते त्याच वेळी विचारा.

६. बांधा आणि खूण करा

दुचाकीसाठी पेटी नको. जाड कॅनव्हासची, कप्पे शिवलेली गुंडाळी करून घ्या. पाने खडखडत नाहीत, सीटखाली किंवा साइड बॉक्समध्ये मावतात आणि रस्त्यावर पसरली की कुठला कप्पा रिकामा आहे ते लगेच दिसतं. प्रत्येक पान्याच्या मधोमध एकाच रंगाच्या ऑइल पेंटची पट्टी मारा. ही गुंडाळी कंपनीच्या आत नेऊ नका. गाडीतच कुलपात ठेवा. न्यावीच लागली तर गेटवर आत जातानाच नोंद करा आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. बाहेर पडताना सिक्युरिटीला पिशवीत पाने सापडले, तर ते आपलेच आहेत हे पटवताना माणूस मेटाकुटीला येतो.

जून ते सप्टेंबर गुंडाळीत तेलाचा फडका ठेवा. खंडेनवमीला कारखान्यांत हत्यारं पुजतात. त्याच्या आदल्या दिवशी आपलीही सगळी रॉकेल किंवा डिझेलनं धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून घ्या.

७. पहिली कामं घरी करा

रस्त्यात पहिल्यांदा गुंडाळी उघडण्याऐवजी घराजवळ, उजेडात एकदा चेनचा ताण लावून आणि प्लग काढून बघा. प्लग गार इंजिनावरच काढायचा, आणि बसवताना पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी. आडव्या आट्यात चढलेला प्लग सिलिंडर हेडचे आटे घेऊन बाहेर येतो. पाना नेहमी आपल्याकडे ओढा. ढकलावाच लागला तर तळवा उघडा ठेवा, म्हणजे पाना निसटला तरी बोटांची पेरं इंजिनावर आपटत नाहीत.

१० च्या डोक्याचा ६ मिलिमीटरचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला पुरा आवळला जातो. पंचवीस सेंटिमीटरच्या अर्धा इंची रॅचेटला त्यासाठी चारच किलोचा ओढा लागतो. मनगटानं थोडा जादा दिला की ॲल्युमिनियममधले आटे गेले. १० चा पाना आखूड बनवतात तो यासाठीच. छोट्या बोल्टला छोटाच पाना लावा.

पुढे चार पैसे हाताशी आले की टॉर्क पाना घ्या. अर्धा इंचाचा, २८ ते २१० न्यूटन-मीटरचा, चाकांसाठी उत्तम. पण ६ मिलिमीटरच्या बोल्टला तो लावायचा नाही, कारण १० न्यूटन-मीटर त्याच्या टप्प्यातच येत नाही. त्याला पाव इंचाचा छोटा वेगळा लागतो. काम झालं की टॉर्क पान्याचा आकडा सगळ्यात खालच्या मापावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेली राहून माप चुकू लागतं. आणि अडलेला नट सोडवायला तो कधीच वापरायचा नाही. त्यासाठी लांब दांडा आहे.