फॅरेडेचे पत्र आणि आमच्या विद्यार्थ्यांचा संकोच

शिक्षण संपवून नोकरीच्या शोधात असलेले माजी विद्यार्थी भेटावयास येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, कंपनीतल्या साहेबांना थेट लिहिलं तर चालतं का?" ज्यांचे मामा-काका आधीच मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांना हा प्रश्न पडत नाही; त्यांचे बोलणे घरातच होऊन जाते. ज्याच्या कुटुंबात कार्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला, त्याला मात्र असे लिहिणे म्हणजे वशिला लावणे किंवा याचना करणे वाटते. हा समज घालविण्यासाठी आम्ही वर्गात एक उदाहरण सांगत असतो.

मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीस राहिला आणि बांधणीस आलेली पुस्तके वाचून शिकला. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याच काळात त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून काम मागितले. उत्तर मिळाले नाही. डिसेंबरात त्याने डेव्हींना लिहिले आणि सोबत त्यांच्याच व्याख्यानांची टिपणे, आकृत्यांसह उतरवून स्वतः बांधलेली, पाठविली. डेव्हींनी लगेच उत्तर दिले. जानेवारीत भेट झाली, तेव्हा जागा रिकामी नव्हती. हातचा धंदा सोडू नको, असाच सल्ला मिळाला. पुढे काही आठवड्यांतच प्रयोगशाळेतील सहायकाला काढावे लागले आणि डेव्हींना या तरुणाची आठवण झाली. मार्च १८१३ मध्ये आठवड्याला २५ शिलिंगांवर फॅरेडे रुजू झाला.

त्या पत्रामागे कोणाचा शब्द नव्हता, होते ते केलेले काम. वशिल्यात दुसऱ्याचे वजन वापरले जाते, येथे स्वतःचे. एकाने उत्तर दिले नाही म्हणून फॅरेडे थांबला नाही, हेही मुलांनी ध्यानात घ्यावे.

आता आजचे पाहू. जाहिरातीत अर्जाची जी रीत दिली असेल, ती आधी पाळावी. थेट पत्र तिच्या जोडीला असावे, तिच्याऐवजी नव्हे. पत्र भरती पाहणाऱ्या अधिकाऱ्यास किंवा त्या विभागाच्या प्रमुखास, नाव अचूक लिहून, ई-मेलने अथवा लिंक्डइनवर पाठवावे. कोठून तरी मिळविलेल्या खासगी क्रमांकावर रात्री व्हॉट्सअॅप करणे हा उपद्रव होय. एकाच कंपनीतील पाच जणांना तेच पत्र धाडले, तर ते पाचही जण एकमेकांशी बोलतात, हे विसरू नये. कोणत्या पदासाठी लिहीत आहोत, त्या कामातले आपण काय केले आहे आणि ते कोठे पाहता येईल, एवढे आठ-दहा ओळींत मावते. घरची परिस्थिती लिहू नये. ती खरी असते, हे आम्हांस ठाऊक आहे. पण वाचणाऱ्यास त्यावरून कामाचा अंदाज येत नाही, आणि आपली मान उगाच खाली जाते. "रिस्पेक्टेड सर" नंतर स्तुतीचे परिच्छेद लिहिण्याची आमच्याकडील जुनी खोडही सोडावी. (ती आम्हां शिक्षकांनीच लावली असावी.)

आठ-दहा दिवसांत उत्तर न आल्यास एकदा नम्र स्मरण द्यावे. त्यानंतर गप्प बसावे. नकार आला तरी दोन ओळींत आभार मानावेत.

सरकारी भरतीत मात्र यातले काहीही करू नये. तेथे निवडीसाठी कोणाला गाठणे वा शिफारस आणणे उमेदवारास अपात्र ठरवू शकते. आणि पालकांनो, नोकरी देतो म्हणून जो आधी पैसे मागतो, तो किती का गोड बोलेना, त्याच्याशी पत्रव्यवहार तेथेच थांबवावा.

पत्र पाठविण्यापूर्वी कोणाला दाखवावयाचे असल्यास विद्यार्थ्यांनी ते शाळेत आणावे. शुद्धलेखन आम्ही तपासून देऊ. मजकूर मात्र त्यांचा त्यांनीच लिहावा.