बॅटरी ‘१०० टक्के’, तरी दिवे लवकर का जातात?

प्रश्न : इन्व्हर्टरचे अ‍ॅप बॅटरी पूर्ण भरल्याचे दाखवते, वीज जाताच आकडा झपाट्याने उतरतो. बिघाड कशात? – एक वाचक, गोंदिया

उत्तर : बहुतेक साधे इन्व्हर्टर बॅटरीतील साठा प्रत्यक्ष मोजत नाहीत, व्होल्टेजवरून अंदाज बांधतात. चार्जिंग चालू असताना १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर १३.५ ते १४.४ व्होल्ट दिसतात, त्यामुळे आकडा फुगतो. खरे मोजमाप चार्जिंग आणि भार दोन्ही बंद ठेवून, काही तासांनी मल्टिमीटरने मिळते. तेव्हा सुमारे १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी आणि ११.९ पेक्षा कमी म्हणजे जवळपास रिकामी बॅटरी.

हे माप ठीक असूनही पंखा लावताच व्होल्टेज कोसळत असेल, तर आधी टर्मिनलवरील गंज व सैल जोड तपासावेत. ते घट्ट असतील, तर प्लेटांवर सल्फेट साचलेले असण्याची शक्यता मोठी. हायड्रोमीटरने सहाही सेल तपासता येतात. एकाचे विशिष्ट गुरुत्व इतरांपेक्षा ०.०५ ने कमी असल्यास तो सेल बहुधा निकामी असतो.

गोंदियाच्या मे महिन्यातील उन्हात पाणी लवकर आटते. पातळी खूणरेषेपर्यंत राखावी, तीही केवळ डिस्टिल्ड पाण्याने.