मनाचे दुखणे ओळखताना



मानसशास्त्र म्हटले की पुष्कळांना मनोरुग्णालयच आठवते. खरे तर माणसाचे विचार, भावना आणि वागणे यांचा तो अभ्यास आहे. मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. औषध लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात.

भिवापूरकडच्या आदिवासी वस्त्यांवर “मला नैराश्य आले आहे” असे मला कोणी सांगत नाही. झोप लागत नाही, जेवण जात नाही, अंगात जीव नाही, एवढेच कानी येते. मिरचीच्या तोड्याला न आलेली बाई मग आळशी ठरते, नाहीतर तिला ‘बाहेरचं’ झालेले असते. अशी उदासी दोन आठवडे टिकली, तर तो आजार असू शकतो.

“प्रार्थना पुरेशी नाही का?” हा प्रश्न मंडळीत हमखास येतो. प्रार्थना करावीच. पण १ राजे १९ पाहा: मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूताने उपदेश केला नाही, भाकर-पाणी दिले आणि पुन्हा निजू दिले.

आपल्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमात प्रशिक्षित गावकऱ्यांनी हे काम केले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ वरून २७ टक्क्यांवर गेले. ऐकून घेणारा माणूस गावातला होता, याला मी फार महत्त्व देतो.

तेव्हा भेटीला गेलात तर “जीव द्यावासा वाटतो का?” हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उत्तर “हो” आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, कीटकनाशकाचा डबा घरातून हलवा आणि तिथूनच १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन लावा. तिथे मराठीत बोलता येते.