थायरॉईड संप्रेरकविषयक संशोधनाचा शोध : तीन पद्धतींचा तौलनिक विचार

प्रस्तावना
थायरॉक्सिनची गोळी नित्य घेणारा रुग्ण 'सोबत अश्वगंधा चालेल का?' असे विचारतो, तेव्हा वैद्याला ग्रंथोक्त गुणकर्मांबरोबर आधुनिक संशोधनही पाहावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची पबमेड ही सूची १९९७ पासून सर्वांस विनामूल्य खुली असल्याने नेवाशासारख्या तालुक्याच्या गावीही हे शक्य आहे. तथापि शोधाची पद्धत बदलली की हाती येणारे लेखही बदलतात. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर हवा तो लेख निसटणे ही अव्याप्ती आणि नको ते लेख येणे ही अतिव्याप्ती होय.

१) शब्दशोध
यात शीर्षक व सारांशातील शब्द शोधले जातात. 'अश्वगंधा' रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिली जाते. कित्येक लेखांत केवळ 'विथानिया सोम्निफेरा' हे नाव असते. एकच शब्द घेतल्यास अव्याप्ती होते. उलट नुसते 'थायरॉईड' लिहिल्यास कर्करोग व शस्त्रक्रियेचेही लेख येऊन अतिव्याप्ती होते.

२) विषयशीर्षक-शोध
ग्रंथालयाने ठरविलेल्या विषयशीर्षकांना 'मेश' म्हणतात. निघंटूत वाजिगंधा, हयाह्वया, वराहकर्णी ही नावे एकाच द्रव्याखाली येतात, तसेच येथेही भिन्न शब्द एका शीर्षकाखाली येतात. ही पद्धत अधिक नेमकी आहे. परंतु जामनगरच्या 'आयु' त्रैमासिकाचे पबमेडमधील लेख पीएमसी या मुक्त संग्रहामार्फत आलेले असून त्यांना मेश-शीर्षके नाहीत. म्हणजे केवळ मेशवर विसंबल्यास आपल्याच शास्त्राचे लेख दृष्टिआड होतात.

३) संदर्भशोध
एका चांगल्या लेखावरून त्याने उल्लेखिलेले व त्याचा उल्लेख करणारे लेख गाठावेत. मात्र अनुकूल लेख बहुधा अनुकूल लेखांकडेच नेतात, याचे भान ठेवावे.

उदाहरण
२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत सौम्य थायरॉईड-न्यूनतेच्या ५० रुग्णांचा समावेश होता. आठ आठवडे प्रतिदिन ६०० मिलिग्रॅम अश्वगंधामूल-सार घेणाऱ्या गटात टीएसएच घटले आणि टी-३ व टी-४ वाढले. याउलट २००५ साली एका डच नियतकालिकात अश्वगंधा घेणाऱ्या ३२ वर्षीय स्त्रीस थायरॉईड-अतिरेकाची लक्षणे झाल्याची नोंद आहे. एकाच रुग्णावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. परंतु दोन्ही निरीक्षणांची दिशा एकच आहे. 'थायरॉईड-न्यूनता', 'चाचणी' व 'इंग्रजी' अशा मर्यादा घातल्यास पहिला लेख मिळतो, दुसरा निसटतो. आपल्या रुग्णाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा!

निष्कर्ष
आमच्या मते तिन्ही पद्धती परस्परपूरक आहेत. द्रव्याची सर्व नावे व मेश-शीर्षक 'ऑर'ने जोडावे. संप्रेरकाचेही तसेच करावे. मग दोन्ही गट 'अँड'ने जोडावेत. भाषेची वा अभ्यासप्रकाराची मर्यादा आरंभी घालू नये. त्यानंतर संदर्भशोध करावा व आयुष मंत्रालयाचे संशोधन पोर्टल पाहावे. शोधाचा दिनांक व वापरलेले शब्द टिपून ठेवावेत.

अशा रुग्णास अश्वगंधा देण्यापूर्वी टीएसएच तपासावे आणि थायरॉक्सिन देणाऱ्या चिकित्सकाशी विचारविनिमय करावा. अपायाची नोंद आढळली नाही, एवढ्यावरून अपाय नाही असे मात्र मानू नये.