कांद्याचा भाव मागवायला किती खर्च येतो?

लासलगावचा कांद्याचा आजचा भाव आपोआप आपल्या तक्त्यात यावा, एवढंच हवं असेल तर खिशाला हात लावायची गरज नाही. पायथॉन फुकट, त्यातली रिक्वेस्ट्स लायब्ररी फुकट आणि केंद्र सरकारच्या 'डेटा डॉट गव्ह डॉट इन'वर नोंदणी केली की मिळणारी एपीआय की, म्हणजे माहिती मागवण्याचा परवाना-संकेत, तोही फुकट. प्रोग्राम वीस-पंचवीस ओळींचा. तिथली नमुन्याची की वापरलीत तर एका वेळी 10च नोंदी येतात. प्रोग्राम बिघडला असं समजू नका, स्वतःची की घ्या. किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव क्विंटलमागे येतो. भाजीवाल्याशी घासाघीस करायची असेल तर 100ने भागा, पण तो ऐकेलच असं नाही.

भावासोबत हवामानाची माहितीही हवी असेल तर ओपन-मीटिओ ही सेवा कीही मागत नाही. दिवसाला 10,000 विनंत्यांपर्यंत फुकट, मात्र फक्त बिगर-व्यावसायिक वापराला. तुमच्या ॲपवर जाहिराती असतील तर तो व्यवसायच धरला जातो.

खरा खर्च सुरू होतो कार्ड दिल्यावर. ओपनवेदरच्या 'वन कॉल' सेवेत दिवसाला 1,000 विनंत्या मोफत, पुढे प्रत्येकीचे पैसे. दर मिनिटाला एक विनंती पाठवणारा प्रोग्राम दिवसभरात 1,440 विनंत्या करतो, म्हणजे वरच्या 440चं बिल लागू शकतं. ते परकीय चलनात असलं तर बँकेचा अधिभार वेगळा. म्हणून खात्यातली रोजची मर्यादा 1,000वर आणा. शिवाय बाजारभाव दिवसातून एकदाच बदलत असेल तर दर मिनिटाला विचारून काय मिळणार? आलेलं उत्तर फाइलमध्ये साठवा. सर्व्हर 429 हा आकडा परत पाठवू लागला तर तो 'जरा दमानं' म्हणतोय असं समजा.

रोज ठरल्या वेळी चालवायला सर्व्हर भाड्यानं घेऊ नका. प्रोग्राम पायथॉनऐवजी गूगल ॲप्स स्क्रिप्टमध्ये लिहिलात तर ते साध्या खात्यावरही दिवसाला 20,000 विनंत्या करू देतं आणि माहिती थेट शीटमध्ये भरतं. प्रोग्राम गिटहबवर ठेवणार असाल तर की कोडमध्ये लिहू नका. उघड्या कोडमधली की दुसऱ्यानं वापरली तरी बिल तुमच्याच नावे निघतं.

दुसऱ्याकडून लिहून घेणार असाल तर दर ठरवताना दोन गोष्टी विचारा: माहितीचा साचा बदलला तर दुरुस्ती कोण आणि कितीत करणार? आणि की कोणाच्या नावावर? ती तुमच्याच नावावर हवी, काम देण्यापूर्वीच.